पाळी लांबते तेव्हा उशीर नेमका कुठे होतो?

प्रश्न : माझे वय 32 वर्षे आहे. पूर्वी माझी पाळी 28 ते 30 दिवसांनी नियमित येत असे. गेल्या वर्षी वडिलांचे मोठे आजारपण झाले, त्याच सुमारास नोकरीतील जबाबदारी वाढली आणि तेव्हापासून पाळी कधी 40, तर कधी 48 दिवसांनी येऊ लागली. आता 75 दिवस झाले तरी ती आलेली नाही. घरी केलेली गर्भधारणेची चाचणी दोनदा नकारात्मक आली. आम्ही 14 महिन्यांपासून मुलासाठी प्रयत्न करीत आहोत आणि मोबाइलवरील ॲप जे दिवस सांगते ते पाळत आहोत. मन हलके राहावे म्हणून मी पहाटे धावायला लागले. त्याचा फायदा असा झाला की वजनही 9 किलोने उतरले. घरातील सगळे मात्र एकच वाक्य ऐकवतात, ‘तू टेन्शन घेतेस म्हणून दिवस राहत नाहीत.’ आता मला त्या वाक्याचाच ताण येतो. काळजीमुळे स्त्रीबीज बाहेर पडणे खरोखर थांबते का, की ही केवळ बोलण्याची रीत आहे? मी नोकरी सोडावी का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता आणि काहीशा समाधानाने लिहिले आहे, ते म्हणजे वजन 9 किलोने उतरल्याचे. त्याकडे मी येणारच आहे. तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर आधी देते. ताणामुळे स्त्रीबीज बाहेर पडण्यास उशीर होऊ शकतो, आणि काही स्त्रियांमध्ये ते काही काळ पूर्णपणे थांबूही शकते. ही बोलण्याची रीत नाही. मात्र घरातील मंडळी ज्या अर्थाने ‘टेन्शन’ म्हणतात आणि मेंदू ज्याची ताण म्हणून नोंद करतो, या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि तुमच्या अडचणीचे मूळ बहुधा या फरकातच आहे.

बीजांडकोश आपल्या मर्जीने स्त्रीबीज सोडत नाही. त्याला तसा निरोप यावा लागतो, आणि त्या निरोपाची सुरुवात मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागात होते. भूक, तहान, झोप आणि शरीराचे तापमान यांचा कारभार जिथून चालतो, तोच हा भाग. मेंदूत अब्जावधी पेशी असताना प्रजननाचा हा निरोप धाडण्याचे काम मात्र अवघ्या एक ते दोन हजार चेतापेशींकडे असते. त्या ‘जीएनआरएच’ नावाचे संप्रेरक अगदी थोड्या प्रमाणात सोडतात. ते बारीक रक्तवाहिन्यांतून लगतच्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत पोचते. आणि पिट्युटरी रक्तात ‘एफएसएच’ व ‘एलएच’ ही दोन संप्रेरके सोडते, जी पुढे बीजांडकोशात स्त्रीबीजाची पुटिका, म्हणजे ते ज्यात वाढते ती द्रवाने भरलेली बारीक पिशवी, वाढवतात आणि योग्य वेळी ती फोडतात.

हा रस्ता माणसाला कळून फार काळ झालेला नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी डोरा याकोबसोन यांच्यासह 1952 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या दुसऱ्याच भागाखाली बसवली तर प्रजननाचे चक्र बंद राहते आणि हायपोथॅलॅमसखाली बसवली तर ते पुन्हा सुरू होते. म्हणजे पिट्युटरीवर वरून कुणीतरी हुकमत गाजवत होते. ते ‘कुणीतरी’ म्हणजे दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे, हे 1971 साली अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिय्यमँ यांच्या प्रयोगशाळांनी उलगडले, आणि मेंदूतील संप्रेरकांवरील संशोधनासाठी या दोघांना 1977 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्या संप्रेरकाच्या रचनेपेक्षा ते सोडण्याची लय महत्त्वाची आहे. जीएनआरएच सतत पाझरत नाही. ते ठोक्याठोक्याने सुटते. पाळीनंतरच्या पहिल्या टप्प्यात साधारण 60 ते 90 मिनिटांनी एक ठोका पडतो आणि स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या टप्प्यात तीन-चार तासांनी एक. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली माकडांवर केलेला प्रयोग या संदर्भात मला नेहमी आठवतो. ज्या माकडिणींमध्ये हा निरोप निर्माण होणेच बंद झाले होते, त्यांना जीएनआरएच दर तासाला काही मिनिटे दिले तेव्हा पिट्युटरी कामाला लागली. तेच संप्रेरक अखंड दिले तेव्हा ती गप्प झाली. पदार्थ एकच असूनही लय बदलताच परिणाम उलटला. वंध्यत्वावरील उपचारांत पिट्युटरीला काही काळ शांत ठेवण्यासाठी दिली जाणारी काही इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात.

ही लय टिकून राहिली की पुटिका वाढते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक वाढत जाते. त्याची पातळी पुरेशी चढून सुमारे दोन दिवस तशीच राहिली की मेंदूचा प्रतिसाद एकदम पालटतो. एरवी इस्ट्रोजेन मेंदूला आवर घालते, पण या वेळी तेच त्याला चालना देते, एलएचची मोठी लाट उसळते आणि ती सुरू झाल्यापासून सुमारे 36 तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. यातला कोणताही टप्पा लयीवाचून पुरा होत नाही.

ताण या लयीवरच घाला घालतो. वडिलांच्या आजारपणातील जाग्रणे असोत किंवा कामाची धास्ती असो, तिची दखल घेतली की हायपोथॅलॅमस ‘सीआरएच’ नावाचे दुसरे संप्रेरक सोडतो. 1981 साली वायली व्हेल यांच्या प्रयोगशाळेने ते ओळखले. त्यामुळे पिट्युटरी मूत्रपिंडांवरील ग्रंथींना निरोप देते आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढते. ही व्यवस्था संकटात जीव तगवण्यासाठी आहे, पण तिची संप्रेरके प्रजननाच्या वाटेत अनेक ठिकाणी आडवी येतात. सीआरएच आणि मेंदूतील वेदनाशामक एंडॉर्फिन जीएनआरएचचे ठोके विरळ करतात आणि कॉर्टिसॉल हायपोथॅलॅमस व पिट्युटरी या दोन्ही ठिकाणी निरोप मंद करते. जीएनआरएचच्या पेशींना वेळोवेळी टोचणी देणाऱ्या ‘किसपेप्टिन’ पेशींवरही ताणाचा आणि उपासमारीचा परिणाम होतो. किसपेप्टिनच्या जनुकाचा शोध 1996 साली अमेरिकेतील हर्शी या गावी कर्करोगावरील संशोधनात लागला आणि तिथल्या प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याला नाव मिळाले. प्रजननाशी त्याचा संबंध पुढे 2003 साली उघड झाला, जेव्हा पेशींवर त्याचा निरोप स्वीकारणारा रेणू सदोष असलेल्या व्यक्ती वयातच येत नाहीत असे दिसून आले.

आता पाळी लांबते म्हणजे काय होते ते पाहा. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक स्त्रियांमध्ये दोन आठवड्यांच्या आसपास असतो आणि तो फारसा हलत नाही. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. त्यामुळे तुमची पाळी 48 दिवसांनी आली तेव्हा, त्या चक्रात स्त्रीबीज सुटले असेल तर, ते चौदाव्या दिवशी नव्हे, तर बहुधा चौतिसाव्या दिवसाच्या सुमारास सुटले असणार. ठोके विरळ झाले, पुटिका रेंगाळली, इस्ट्रोजेन हव्या त्या पातळीला पोचायला वेळ लागला आणि लाट उशिरा आली. उशीर पाळीला झालेला नसतो, तो स्त्रीबीजाला झालेला असतो. पाळी आपल्या ठरलेल्या अंतराने त्याच्यामागून येते. म्हणूनच स्त्रीबीज सुटून गेल्यावर आलेल्या संकटाने त्या महिन्याची पाळी सहसा पुढे जात नाही. लाटच आली नाही तर मात्र चक्र मध्येच अडकून राहते, आणि सध्याच्या 75 दिवसांमागे तसे काही असू शकते.

यावरून त्या ॲपविषयीही बोलायला हवे, कारण 14 महिन्यांपैकी बरेच महिने तुम्ही चुकीच्या दिवसांवर भरवसा ठेवला असण्याची शक्यता आहे. अशी ॲप मागच्या तारखांची सरासरी काढून पुढचा अंदाज बांधतात. तुमच्या मेंदूत या महिन्यात काय चालले आहे ते त्यांना कळण्याचा मार्ग नसतो. ज्या सहा दिवसांत गर्भधारणा होऊ शकते, म्हणजे स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, ते कधी येतात याचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत पडणाऱ्या स्त्रिया फक्त 30 टक्क्यांच्या आसपास निघाल्या. तुमच्यासारख्या लांबलेल्या चक्रात तर चौदाव्या दिवसाचा हिशेब सोडूनच द्यावा. दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवणे आणि तारखेऐवजी योनिस्रावाच्या पारदर्शक, ताणल्या जाणाऱ्या पोताकडे लक्ष देणे अधिक उपयोगी पडेल. तेही वेळापत्रकासारखे वाटू लागले तर नुसते पहिले पुरेसे आहे.

आता त्या 9 किलोंविषयी. मेंदू काळजीचा ताण आणि उपासमारीचा ताण वेगवेगळ्या वह्यांत लिहीत नाही. वडिलांचे आजारपण, अपुरी झोप, पहाटेचे धावणे आणि त्या मानाने कमी पडलेले खाणे हे सारे त्याच्या लेखी एकाच खात्यावर जमा होत जाते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील एका प्रयोगात हे फार स्पष्ट दिसले. नव्या जागी हलवण्याचा सौम्य मानसिक ताण एकट्याने दिला तेव्हा बहुतेक माकडिणींची पाळी बिघडली नाही. थोडे कमी खाणे आणि थोडा व्यायाम एवढेच केले तेव्हाही बहुतेकींची टिकली. पण दोन्ही एकत्र आले तेव्हा बहुतेकींची बिघडली. तुमच्या बाबतीत हेच घडले असावे असा माझा दाट संशय आहे. एकट्या नोकरीने किंवा एकट्या धावण्याने कदाचित काहीच झाले नसते.

खाण्याच्या बाजूचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामांसाठी, चरबी वगळता उरणाऱ्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे, सुमारे 30 किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा उरली तर एलएचचे ठोके बिघडू लागतात. ॲन लाऊक्स यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियमित पाळीच्या निरोगी स्त्रियांमध्ये हा बदल अवघ्या पाच दिवसांत दिसला. समजा तुमचे चरबी वगळता वजन 40 किलो आहे आणि रोजच्या धावण्यात 400 किलोकॅलरी जातात. तर किलोमागे 30 प्रमाणे 1200 आणि धावण्याचे 400 मिळून 1600 ही धोक्याची रेषा झाली आणि किलोमागे 45 धरले तर आरामशीर पातळी 2200 च्या आसपास येईल. दिवसभर कामाच्या धांदलीत एखादे जेवण टळणारी स्त्री त्या रेषेखाली सहज जाते, आणि तिला विशेष भूकही लागलेली नसते. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला शिल्लक साठ्याची खबर देते. वजन झपाट्याने उतरले की ते घटते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वजनाच्या तक्त्यात तुमचे आजचे वजन अगदी योग्य भरत असले तरी हे घडू शकते, कारण मेंदू वजनापेक्षा सध्याच्या आवक-जावकेकडे अधिक पाहतो.

अशा तऱ्हेने पाळी थांबण्याला हायपोथॅलॅमसमधून उद्भवणारा कार्यात्मक पाळीबंद म्हणतात. ‘कार्यात्मक’ या शब्दाचा अर्थ असा की अवयव शाबूत आहेत, फक्त निरोप थांबला आहे आणि तो परत सुरू होऊ शकतो. पण हे निदान सगळ्यात शेवटी करायचे असते, आणि ‘टेन्शनमुळेच’ या घरगुती निदानावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे की ते सगळ्यात आधी केले जाते आणि मग तपासण्याच राहून जातात. थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करवणारे संप्रेरक) वाढणे, पीसीओएस (बीजांडकोशात अनेक लहान पुटिका अर्धवट राहून जाण्याचा संप्रेरकांचा विकार) आणि बीजांडकोशातील साठा वेळेआधी ओसरणे या प्रत्येक कारणाने पाळी अशीच लांबू शकते. पीसीओएसमध्ये तर मेंदूतील ठोके विरळ न होता बहुधा जलद होतात. म्हणजे वरून दिसणारे लक्षण एक, पण आतली गोष्ट उलटी.

तज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी सतत 45 दिवसांपेक्षा लांबत असेल किंवा तीन महिने आली नसेल तर तपासणी करावी. तुम्ही पहिल्या रेषेच्या पलीकडे आणि दुसरीच्या उंबरठ्यावर आहात. शिवाय 35 वर्षांखालील जोडप्याने वर्षभराच्या प्रयत्नांनंतर तपासणी करून घ्यायची असते, तो काळही उलटला आहे. त्यामुळे याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. गर्भधारणेची रक्तचाचणी, थायरॉइडसाठीची टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) आणि सोनोग्राफी यांनी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. प्रोलॅक्टिन रक्त देतानाच्या धास्तीनेही थोडे वाढते, म्हणून ते किंचित जास्त आले तर शांत बसून पुन्हा एकदा तपासावे. स्त्रीबीज सुटल्यावर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची चाचणी ‘एकविसाव्या दिवशी’ करण्याची पद्धत 28 दिवसांच्या चक्रासाठी आहे. ती येऊ घातलेल्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी व्हायला हवी, नाहीतर 40 दिवसांच्या चक्रात ती विनाकारण निराश करते. आणि पतीची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. जोडप्याच्या अडचणीचा सारा भार एकाच्या मनःस्थितीवर टाकण्याआधी ही साधी तपासणी झालेली असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

घरातून येणाऱ्या त्या वाक्याबद्दल शास्त्र काय सांगते तेही ऐका. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, लाळेतील अल्फा-अमायलेज हा ताणाचा निदर्शक सर्वाधिक असलेल्या स्त्रियांमध्ये दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता सुमारे 29 टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात कॉर्टिसॉलचा मात्र असा संबंध दिसला नाही. दुसरीकडे, 2011 साली 14 अभ्यासांतील 3583 स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली असता, उपचारांपूर्वीच्या मानसिक त्रासामुळे कृत्रिम गर्भधारणेचे यश कमी होत असल्याचे आढळले नाही. मला यातून एवढेच दिसते की ताणाचा परिणाम स्त्रीबीज सुटण्याच्या वेळेवर होतो तेवढा ठळकपणे पुढच्या टप्प्यांवर दिसत नाही, आणि काळजी केली म्हणून मूल होत नाही असा ठपका कोणत्याही स्त्रीवर ठेवण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य सल्ला म्हणून निरुपयोगी आहे. ताण कुणी हौसेने घेत नसते. पुढच्या वेळी ते ऐकू आले की तपासण्या चालू आहेत असे सांगून विषय बदलावा, आणि हे शक्यतो तुमच्या पतीने सांगावे.

तपासण्यांतून दुसरे काही निघाले नाही तर उपचाराची सुरुवात ताटापासून होते. उतरलेल्या वजनापैकी काही परत येऊ द्यावे लागेल, धावणे काही महिने निम्म्याहून कमी करावे लागेल किंवा त्याऐवजी चालावे लागेल, आणि जेवण टाळणे बंद करावे लागेल. धावण्याने तुमचे मन हलके होत होते, हे मला मान्य आहे. म्हणूनच ते नुसते काढून न टाकता त्या जागी मनासाठी दुसरे काही ठेवावे लागेल. अशा पाळीबंदावर संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, उपयोग सेरा बर्गा यांच्या गटाने 2003 साली तपासला होता. 20 आठवड्यांत उपचार घेतलेल्या आठ स्त्रियांपैकी सात जणींचे बीजांडकोश पुन्हा काम करू लागले, तर नुसत्या निरीक्षणाखाली असलेल्या आठ जणींपैकी दोघींचेच. अभ्यास लहान होता, पण समुपदेशकाकडे जाणे हा वेळेचा अपव्यय नाही एवढे म्हणायला तो पुरेसा आहे.

एका गोष्टीची सावधगिरी बाळगा. पाळी आणण्यासाठी गोळ्या दिल्या जातात. त्या काही कारणांसाठी योग्यही असतात, पण त्यांनी आलेला रक्तस्राव म्हणजे स्त्रीबीज सुटल्याची खूण नव्हे, आणि मूळ निरोप थांबलेलाच असू शकतो. इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले तर हाडे विरळ होतात. म्हणून पाळी सहा महिने आली नाही तर हाडांची घनता तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

नोकरीचा निर्णय आज घेऊ नका. तपासण्यांचे निकाल हाती नसताना आणि खाण्याकडे लक्ष दिलेले नसताना ती सोडली, तर नेमका कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि नोकरी गेल्याची काळजी त्या खात्यावर नव्याने जमा होईल. कामाचे तास, रात्रीचे फोन आणि झोपेची वेळ यांवर वरिष्ठांशी बोलता येत असेल तर ते मात्र आजच बोलावे.

सुधारणेला काही आठवडे ते काही महिने लागतात. एक शेवटची बाब लक्षात असू द्या : निरोप परत सुरू झाला की आधी स्त्रीबीज सुटते आणि पाळी त्यानंतर येते, त्यामुळे मधल्या काळात एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. म्हणून ‘अजून पाळीच नाही’ असे म्हणून वाट पाहत न बसता दर तीन-चार आठवड्यांनी गर्भधारणेची चाचणी करावी, आणि कोणतेही नवे औषध सुरू करण्याआधी तर ती नक्कीच करावी.